नकाशावर वाडी नाही

मागल्या महिन्यात रजेवर गावी आलो तेव्हा चिपळूणला आपला अभ्यासवर्ग होता. विषय ठरला होता वेगळाच. पण आपल्यातला एक पोरगा बगलेत नकाशा घेऊन आला आणि सगळा वर्ग त्या नकाशावरच संपला. संपला म्हणजे भांडणात संपला.

पोरगा सिव्हिलचा डिप्लोमा झालेला. त्याच्या बौद्धवाडीतला पहिला. एका मोठ्या प्रकल्पाच्या सर्वेक्षणाचं काम ज्या कन्सल्टंटकडे आहे, त्याच्याकडे तो सहा महिने सर्व्हेअर आहे. पैसा परदेशी, तंत्र परदेशी, कन्सल्टंट मुंबईचा, आणि उन्हात कातळावर तिपाई रोवून उभा राहणारा आपला. नकाशा त्यानंच काढलेला. मोठ्या हौसेनं त्यानं तो चटईवर पसरला. रस्ता होता, पऱ्या होता, देऊळ, शाळा, आंब्याकाजूच्या बागा, कलमं मोजून. मी सहज विचारलं, "तुझी वाडी कुठाय रे ह्यात?"

तो बोट फिरवत राहिला. जिथं वाडी पाहिजे तिथं उंचीच्या दोन रेघा होत्या आणि पांढरा कागद. वाडीची विहीरही नव्हती. खाली मान घालून म्हणाला, "मला जेवढं काढायला सांगितलं तेवढं मी काढलं. ज्याचा उतारा आहे तेवढंच दाखवायचं, असं फॉर्मात होतं."

झालं. एकानं उठून सांगितलं, असल्या नोकरीवर थुंक, उद्याच राजीनामा दे. दुसरा म्हणाला, राजीनामा देऊन काय मुंबईला सिक्युरिटीत उभा राहू दे? त्याच्या आईनं लोकांच्या बागेत आंबे वेचून त्याला शिकवला. तिसरा म्हणाला, विकास म्हणजेच विनाश, आपण सगळ्याच प्रकल्पांच्या विरोधात. चौथा म्हणाला, बाबासाहेब धरणं बांधायला निघाले होते, तुम्ही कुठल्या जमान्यात आहात? शेवटी सगळे माझ्याकडे वळले. तू कवी, तू सांग. मला सांगता आलं नाही. कुंभार्ली घाट चढून परत गिरणीत गेलो, आणि पुढच्या साऱ्या रात्रपाळ्या हाच प्रश्न डोक्यात घेऊन रिंगफ्रेमवर तुटलेले दोरे सांधत राहिलो. आता जे सुचलं ते लिहितो. चुकलं तर सांगा.

प्रश्न असा आहे. गरीब देशाला, गरीब मुलखाला श्रीमंत देशाची इंजिनिअरिंग वर काढते, असं आपल्याला सांगितलं जातं. १९४९च्या जानेवारीत अमेरिकेचे अध्यक्ष ट्रुमन यांनी आपल्या भाषणात हा मंत्रच दिला, की अविकसित भागांना आम्ही आमचं तंत्रज्ञान देऊ. तेव्हापासून धरणं आली, वीज आली, कर्जं आली, तज्ज्ञ आले. मग त्या इंजिनिअरिंगला जात असते का? आणि आपला पोरगा त्यात शिरला तर तो काय व्हायला शिरला?

सुरुवातीलाच एक गोष्ट साफ करून टाकू. आपण यंत्राचे वैरी नाही. ज्यांच्या पाठीवर सगळी ओझी होती त्यांनी यंत्राला शिव्या द्यायच्या नसतात. बाबासाहेबांनी १९४५ साली काँग्रेस आणि गांधी यांच्यावर जो ग्रंथ लिहिला, त्यात चरख्याच्या तत्त्वज्ञानाचा समाचार घेताना हेच मांडलं की माणसाला जनावराच्या जिण्यातून वर यायचं तर फुरसत पाहिजे, फुरसत यंत्र देतं, आणि यंत्रामुळं जे वाईट होतं त्याचा दोष यंत्राकडे नसून समाजरचनेकडे आहे. म्हणून 'आपलं जुनं सुंदर कोकण' असं कुणी म्हणालं की मी विचारतो, कुणाचं? माझी पणजी त्या सुंदर कोकणात दुसऱ्याच्या विहिरीवर पदर पसरून उभी राहायची, कुणी वरून पाणी ओतेल म्हणून. तसलं सुंदरपण आपल्याला परत नको.

पण यंत्र आलं की जात गेली, हेही खोटं. हे मी पुस्तकात वाचायच्या आधी घरात ऐकलंय. रत्नागिरी जिल्ह्यातून आपली माणसं पिढ्यान् पिढ्या मुंबईच्या गिरण्यांत गेली. आजा गेला, त्याच्या आधी पणजा गेला. १९८२चा संप झाला आणि आजा जो घरी बसला तो बसलाच. तो सांगायचा, पणजाला विणाईखात्यात पाऊल ठेवू देत नव्हते. कारण काय, तर धोटा. धोट्यातली कांडी संपली की नवी कांडी घालायची आणि दोऱ्याचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यायचं. एका कामगारानं तोंड लावलेला धोटा दुसऱ्याच्या तोंडाला लागणार. मग अस्पृश्याचं तोंड लागलेला धोटा मराठा कामगार कसा घेणार? विणाईत पगार जास्त, आणि विणाईचं दार आपल्याला बंद. १९२८च्या संपात बाबासाहेबांनी कामगार पुढाऱ्यांसमोर हाच प्रश्न ठेवला, की तुमच्या मागण्यांत ह्या अन्यायाला जागा आहे का?

आता बघा. धोट्याला जात नव्हती. लाकडाचा, टोकाला लोखंड. पण तो असा बनवला होता की जातीला त्यात बसायला जागा मिळाली. आणि तोंड न लावता दोरा ओवता येईल असा धोटा तेव्हा जगात नव्हता असंही नाही. अमेरिकेतला नॉर्थ्रॉपचा स्वयंचलित माग एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीसच आला होता, त्याच्या धोट्यात दोरा आपोआप ओवला जायचा. आमच्या मालकाला स्वस्त माणसं मिळत होती, त्याला महाग माग कशाला? म्हणजे कुठलं यंत्र बनतं, कुठलं विकत घेतलं जातं, कुणासाठी घेतलं जातं, हे यंत्र ठरवत नाही. ते ठरवणारा दुसराच असतो. इंजिनिअर त्याचं ऐकतो.

आता आपल्या नदीकडे येऊ. मी घाटावरून रातच्या एसटीनं उतरतो तेव्हा कुंभार्लीच्या पायथ्याला पोफळीचे दिवे दिसतात. डोंगराच्या पोटात वीजघर आहे. पलीकडे सातारा जिल्ह्यात कोयना अडवली, सह्याद्रीला बोगदा पाडला आणि पूर्वेला जाणारं पाणी पश्चिमेला वळवून आपल्या चिपळूण तालुक्यात खाली सोडलं. १९५९ साली जागतिक बँकेनं ह्या कामाला कर्ज दिलं. १९६२ला वीज सुरू झाली. पुढं टप्पे वाढत गेले, कोळकेवाडी झालं, चौथा टप्पा झाला, मिळून १९६० मेगावॉट. १९९९च्या मार्चमध्ये नॉर्वेत रुळलेल्या तंत्रानं धरणाच्या भरल्या पाण्याखाली, तळातून बोगद्याचं तोंड स्फोटानं उघडलं. आशियातलं असलं ते पहिलं काम. मी खोटं कशाला बोलू, हे वाचताना माझ्या अंगावर काटा येतो. माणसाच्या अक्कलहुशारीचा असा डोंगर बघून ज्याला आनंद होत नाही त्यानं विज्ञाननिष्ठा सांगू नये.

वीज कुठं गेली? मुंबईला, पुण्याला, कारखान्यांना. माझ्या आज्याच्या गिरणीलाही. त्यात वाईट काही नाही. पण कोयनेच्या खोऱ्यातून जे उठले त्यांच्या नातवंडांना हक्काच्या जमिनीसाठी अजून धरणं धरावी लागली. १९६७च्या ११ डिसेंबरच्या पहाटे भूकंपानं कोयनानगर झोपलेलं असताना पाडलं, आणि मोठ्या जलाशयाच्या भारानंही भूकंप होऊ शकतो हा धडा जगातल्या शास्त्रज्ञांनी कोयनेवरून घेतला. धडा जगाला मिळाला. फी तिथल्या माणसांनी भरली.

आणि पाणी? दर वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी डोंगरातून खाली येतं, टर्बाइन फिरवतं आणि वाशिष्ठीत पडतं. थोडं एमआयडीसी उचलते, थोडं गावं उचलतात, उरलेलं दाभोळच्या खाडीतून समुद्राला. आपल्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या वर पाऊस पडतो. पण जांभा दगड चाळणीसारखा, पावसाळा संपला की डोंगर रिकामा. एप्रिल-मेत वाड्यावाड्यांवर टँकर. माझी आजी एकदा उन्हाळ्यात हंडा टेकवून बसली आणि खाली नदीकडे बघत म्हणाली, "पानी खालनं जातंय नि आमी वरनं बगतोय." कोयनेच्या इंजिनिअरनं चूक केली का? त्याला विचारलेला प्रश्न होता, ह्या पाण्यातून किती मेगावॉट निघतील? त्यानं चोख उत्तर दिलं. आजीचा हंडा हा प्रश्नच त्याच्या टेबलावर आला नव्हता. अर्धा डोंगर खोदता येतो त्याला तीनशे फूट वरच्या वाडीत पाणी चढवता येत नाही असं थोडंच आहे?

त्याच नदीनं खाली चला. लोट्याच्या रासायनिक कारखान्यांच्या सांडपाण्याबद्दल खाडीचे मच्छिमार वर्षानुवर्षं ओरडत आलेत. आणखी खाली, जिथं खाडी समुद्राला मिळते, तिथं गुहागर तालुक्यात अंजनवेल. तिथं एन्रॉन. दाभोळ पॉवर कंपनी.

ही गोष्ट आपल्या पोरांना आता सांगावी लागते, कारण त्यांच्या जन्माआधीची आहे. १९९२च्या जूनमध्ये एन्रॉन कंपनी आणि राज्य वीज मंडळ यांच्यात पहिला मसुदा झाला, १९९३च्या डिसेंबरात वीजखरेदीचा करार. सोबत जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल, म्हणजे जगातली नामांकित इंजिनिअरिंग. वीज घेतली नाही तरी पैसे द्यायचे, तेही डॉलरच्या भावाला बांधून. जागतिक बँकेनं १९९३लाच पैसे द्यायला नकार दिला होता, हे परवडणारं नाही म्हणून. ज्या बँकेला आपण साम्राज्यवादी म्हणतो तिलाही जे गळ्याखाली उतरलं नाही ते आपल्या सरकारच्या गळ्याखाली उतरलं. कंपनीच्या बाईसाहेबांनी १९९५ साली अमेरिकी काँग्रेसच्या समितीपुढं सांगितलं की प्रकल्पाच्या तयारीत आणि भारतीयांच्या शिक्षणावर दोन कोटी डॉलर खर्च झाले. शिक्षण! आपल्याला 'शिका' म्हणणारा एक बाप होता, त्यानं पावाच्या तुकड्यावर दिवस काढून शिकून दाखवलं. आणि एक हे शिक्षण.

१९९५ला नव्या सरकारनं करार मोडला, १९९६ला त्याच सरकारनं नव्यानं जोडला. १९९७च्या जूनमध्ये पहाटे वेलदूरच्या मच्छिमार बायकांच्या घरांत पोलिस घुसले, त्यांना फरफटत बाहेर काढून मारलं. ॲम्नेस्टीनं लिहिलं, ह्यूमन राइट्स वॉचनं १९९९ला आख्खा अहवाल काढला. १९९९च्या मेमध्ये वीज सुरू, २००१च्या मेमध्ये मंडळानं घेणं बंद केलं, कारण ती परवडेना. डिसेंबर २००१मध्ये अमेरिकेत एन्रॉनचंच दिवाळं निघालं. पुढं २००५ला रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही सरकारी कंपन्यांची कंपनी काढून तो सांगाडा ताब्यात घ्यावा लागला.

ह्यात टर्बाइन वाईट होती का? टर्बाइन उत्तम होती. गणित चुकलं होतं ते कागदावरच्या कराराचं, आणि त्याच्याही आधी, कुणाची गरज मोजायची ह्याचं. कोयनेनं निदान देशाला वीज दिली. दाभोळनं कर्ज दिलं. दोन्हीकडे खाडीकाठच्या बाईला कुणी विचारलं नाही, "तुला काय पाहिजे?" विचारलं असतं तर ती वीज नको म्हणाली असती असं समजू नका. तिलाही दिवा पाहिजे, मासळीला बर्फ पाहिजे. पण ती भाव विचारली असती.

मग परदेशी ज्ञान सगळंच फसवं का? तसंही नाही, आणि त्याचा दाखला आपल्याच महाराष्ट्रात आहे. हापसा. आज देशभर जो हापसा दिसतो, इंडिया मार्क टू, त्याची मुळं जालन्यात आणि सोलापुरात आहेत. पूर्वी बोअरवर ओतीव लोखंडाचे पंप बसवत. ते मूळचे एका घरासाठी बनलेले. आपल्याकडे त्यावर सकाळपासून रात्रीपर्यंत गाव हापसायचं, मग महिन्या-दोन महिन्यांत मोडायचे. जालन्याच्या ख्रिस्ती मिशनमधल्या लोकांनी हे मोडलेले पंप बघितले आणि पोलादाचा, एका कण्यावर हलणारा, साखळीनं दांडा ओढणारा पंप बनवला. सोलापुरात तो सुधारला. १९७०च्या दशकात युनिसेफ, भारत सरकार आणि मद्रासची रिचर्डसन अँड क्रुडास यांनी मिळून त्याचा मार्क टू केला, आणि तो पुढं आफ्रिकेपर्यंत गेला. ह्याला म्हणतात इंजिनिअरिंग. हापसा का मोडतो ह्याचं उत्तर कुणीतरी रांगेत उभ्या बायांकडे बघून काढलं.

पण थांबा. हा इतका चांगला हापसाही कुठं बसवायचा, देवळापुढं की बौद्धवाडीत, हे ठरवताना गाव पुन्हा गावच असतं. देवळापुढं बसला की आपल्या बाईचा हात लागला म्हणून दांडा धुणारे निघालेच. महाडचं चवदार तळं आठवा. १९२३ला कायदेमंडळानं ठराव केला, १९२४ला महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं. तळं होतं, पाणी होतं, पायऱ्या होत्या, ठरावसुद्धा होता. तरी २० मार्च १९२७ला बाबासाहेबांना ओंजळ भरायला जावं लागलं, आणि कोर्टातला निकाल लागायला १९३७ उजाडलं. बांधकाम पुरं झालं म्हणजे पाणी पोचलं असं नसतं. बांधकाम आणि ओंजळ ह्यांच्या मधली वाट इंजिनिअरच्या नकाशात नसते. ती आपल्यालाच चालावी लागते.

आता परत त्या पांढऱ्या कागदाकडे येतो. 'ज्याचा उतारा आहे तेवढंच दाखवायचं.' कोकणात सातबाऱ्यावर नाव कुणाचं? इथं खोती होती. बाबासाहेबांनी १७ सप्टेंबर १९३७ला खोती मोडायचं बिल मांडलं, १९३८च्या जानेवारीत शेतकऱ्यांचा मोर्चा मुंबईला कौन्सिल हॉलवर नेला. कायदा झाला तो १९४९ला. पण जमीन कुळाकडे गेली, आणि आपला माणूस बऱ्याच ठिकाणी कूळसुद्धा नव्हता, कुळाचा गडी होता. म्हणून प्रकल्प आला की मोबदला सातबाऱ्याच्या मागं जातो. ज्याची बाग गेली त्याला पैसे, ज्याची त्या बागेतली मजुरी गेली त्याला काय? २०१३च्या भूसंपादन कायद्यानं तिथं राबणाऱ्या भूमिहीन कुटुंबालाही बाधित म्हटलंय. मित्रांनो, हे कलम पाठ करा. पण नकाशात वाडीच नसेल तर बाधित कोण?

आणि विरोधाच्या मोर्च्याचंही तसंच. जैतापूर झालं, नाणार झालं, २०२३ला बारसूच्या सड्यावर बायका उन्हात आडव्या पडल्या. त्यांच्या लढ्याला माझा जय भीम. समुद्र गेला, सडा गेला तर आपलीही लाकूडफाट्याची, गुरांची, कालवं-तिसऱ्यांची जागा जाते. पण मोर्च्याच्या गाडीवरून 'आमच्या बागा, आमच्या जमिनी' अशी घोषणा येते तेव्हा आपला माणूस कुठल्या ओळीत 'आमच्या' म्हणतो? प्रकल्पवाला आपल्याला मोजत नाही आणि प्रकल्पविरोधी नुसता आकडा वाढवायला मोजतो. दोघांच्याही नकाशात तीच जागा पांढरी. म्हणून दोघांपैकी एकाच्या मागं डोळे मिटून जाणं आपल्याला परवडणारं नाही.

मग आपली मोजपट्टी कोणती? ती बाबासाहेबांनी देऊन ठेवलीय, आपण ती फारशी उघडून बघत नाही. १९४२ ते १९४६ ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूरमंत्री होते आणि पाटबंधारे, वीज त्यांच्याच खात्यात होती. दामोदर नदीची योजना आखताना अमेरिकेच्या टेनेसी व्हॅलीतला वूर्डुइन नावाचा इंजिनिअर बोलावला. म्हणजे परदेशी ज्ञान घ्यायला त्यांना लाज नव्हती. नद्यांचं पाणी एकाच कामाला न लावता पूर, वीज, शेती, वाहतूक सगळ्याला लावावं ही दृष्टी त्यांनी धरली. पण जानेवारी १९४५ला कलकत्त्याच्या बैठकीत त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली, की योजनेचा फायदा अगदी मुळापर्यंत, त्या खोऱ्यात राहणाऱ्या प्रत्येकापर्यंत पोचला पाहिजे, आणि त्याची तजवीज करणारी यंत्रणा आधीच उभी राहिली पाहिजे. धरण बांधून झाल्यावर बघू, असं नाही. आधीच.

पुढं काय झालं तेही लपवायचं कारण नाही. दामोदर महामंडळ १९४८ला झालं, बाबासाहेब त्या खात्यात नव्हते, आणि मैथॉन-पंचेतच्या धरणांत आदिवासींची गावं बुडाली, पुनर्वसनाचं रडगाणं वर्षानुवर्षं चाललं. म्हणजे आपल्या बापानं सुरू केलेली योजनासुद्धा मोजपट्टी हातातून सुटली की इतरांसारखीच होते. आपण भक्त असतो तर हे झाकलं असतं. आपण अनुयायी आहोत म्हणून सांगायचं.

आता माझ्या मित्रा, तुझ्याशी बोलतो. तू म्हणालास, सांगितलं तेवढं काढलं. हे वाक्य ऐकून मी दचकलो. हे वाक्य जुनं आहे. आपल्या वाडवडलांकडे वतन होतं. त्या वतनातलं एक काम म्हणजे गावाची शीव दाखवणं. दोन गावांत तंटा झाला की महार पुढं चालायचा आणि सांगायचा, ही शीव. त्याच्या शब्दाला किंमत होती. साऱ्या गावाची रेघ त्याच्या पायांना ठाऊक, आणि त्या रेघेच्या आत गावात राहायला त्याला जागा नाही. सांगतील तेव्हा जायचं, सांगतील तेवढं करायचं, बदल्यात तुकडा. बाबासाहेबांनी १९२८ला महार वतनाचं बिल मांडलं ते ह्या गुलामीवर घाव घालायला. १९५८च्या कायद्यानं वतनं गेली.

आता तुझ्या हातात काठीच्या जागी टोटल स्टेशन आहे. लाख-लाख रुपयांचं यंत्र. तू रेघ मारतोस आणि त्या रेघेवर बुलडोझर चालतो. तुझ्या शब्दाला पुन्हा किंमत आली आहे. पण तू सांगतील तेवढंच काढणार असशील, तर गड्या, ही महारकीच झाली. पगारी, हेल्मेटवाली महारकी. परदेशी साहेबाला तुझी वाडी माहीत नाही, तो अडाणी आहे. मुंबईच्या साहेबाला ती नकोय, तो लबाड आहे. तुला ती माहीत आहे आणि हवीही आहे, तरी तू ती काढली नाहीस. ह्या तिघांत जबाबदारी कुणाची जास्त? मी रात्रभर हा हिशोब मांडला. पाप साहेबाचं जास्त, पण जबाबदारी तुझी. ज्याला माहीत असतं त्याचीच असते. बुद्धानं अज्ञानाला दुःखाचं मूळ म्हटलं, पण जाणूनबुजून न पाहणं हे अज्ञान नसतं.

म्हणून माझं उत्तर. नोकरी सोडू नकोस. वतनदारी सोड. तू सोडलीस तर तिथं दुसरा येईल, त्याला वाडी शोधायचं कारणही नसेल. परत जा आणि वाडी काढ. घरं मोज, विहीर काढ, विहार काढ, स्मशानाची वाट काढ. फॉर्मात रकाना नाही म्हणतील. लेखी दे, की रकाना नाही पण तीस उंबरे आहेत. तरी खोडलं तर एक प्रत आमच्याकडे ठेव. मोठ्या प्रकल्पाला २००६च्या पर्यावरणाच्या अधिसूचनेप्रमाणं जनसुनावणी घ्यावी लागते, कलेक्टर किंवा त्याचा माणूस तिथं बसतो. तिथं आम्ही तुझा नकाशा घेऊन उभे राहू, घोषणा नंतर देऊ.

आणि तुला काढून टाकलं तर? टाकतील. हे गृहीत धरूनच बोलतोय. ज्यानं 'राजीनामा दे' म्हणून टाळी घेतली त्याच्यासकट आपण सगळ्यांनी आधी हे ठरवायचं, की दुसरी नोकरी लागेपर्यंत ह्याचं घर कसं चालेल. माझ्या पगारातले महिन्याला पाचशे मी धरले आहेत. दुसऱ्याच्या पोटावर उभं राहून तत्त्व सांगणं हाही एक ब्राह्मणी धंदाच आहे, आपल्याकडे तो नको. आणि पुढच्या अभ्यासवर्गात तू आम्हाला नकाशा वाचायला शिकव. उंचीची रेघ काय सांगते, पाणी कुठून कुठं चढवता येतं, किती खर्च येतो. साहेबाला प्रश्न विचारायचा तर त्याची भाषा आली पाहिजे. आजीचा हंडा मेगावॉटच्या शेजारी टेबलावर ठेवायचा तर तो आकड्यात ठेवता आला पाहिजे. कवितेनं ते होणार नाही, हे कविता लिहिणारा माणूस सांगतोय.

निघायच्या दिवशी सकाळी मी घरी हे सगळं आजीला सांगत होतो. वर्ल्ड बँक, टर्बाइन, एन्रॉन, तिनं कशालाच हुंकार दिला नाही. सुपातले तांदूळ निवडत होती. नकाशाचं सांगितलं तेव्हा मात्र हात थांबला.

"हीर दावली नाय?" म्हणाली. "मग ते पानी कुटं आननार?"

जय भीम.